अंगातले पाणी आणि काचेवरच्या पेशी

(मंडळाच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत, बडोदे येथे, आरोग्य शाखेच्या वतीने झालेले भाषण)



हीरकमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास असे भरघोस विषय योजलेले असताना मध्येच प्रयोगशाळेतल्या एका माणसाला उभे करावयाचे, हे धाडस आपल्या चिटणीसांनी केले. त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. निमंत्रणपत्रिकेवरचा विषय वाचून एका ज्येष्ठ सभासदांनी मला दारातच गाठले आणि विचारले, "डॉक्टर, हे अंगातले पाणी काढण्याचे बोलणे समारंभाच्या दिवसांत कशाला?" त्यांचे म्हणणे अगदीच गैर होते असे नाही. परंतु आपल्या आरोग्य शाखेपुढे सध्या एका यंत्राच्या खरेदीचा प्रश्न आहे. त्यासाठी देणग्यांचे आवाहन निघावयाचे आहे. ज्या वस्तूसाठी आपण लोकांपुढे हात पसरणार ती वस्तू करते तरी काय, हे देणाऱ्याला कळले पाहिजे असे माझे मत आहे. शिवाय हे बडोदे आहे. १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने याच गावी कलाभवन निघाले, आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी तेथे तांत्रिक विषय देशी भाषांतून शिकविण्याचा आग्रह धरला. तेव्हा पेशी, काचपट्टी आणि टीपकागद यांविषयी मराठीत बोलणे या गावाच्या वळणाला सोडून होईल असे मला वाटत नाही.

आपल्या शरीरात रक्ताखेरीज आणखीही पाणी असते. मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू यांच्याभोवती ते असते. फुप्फुसांवरच्या दुहेरी पडद्यांमध्ये चमचा-दोन चमचे असते. पोटाच्या पडद्यात आणि सांध्यांत वंगणापुरते असते. निरोगी माणसाला त्याची आठवणसुद्धा होत नाही. आजारात मात्र छातीत लिटर-लिटर पाणी साठते, पोट घागरीसारखे होते, गुडघा सुजतो. मग डॉक्टर सुई घालून थोडे पाणी काढतात आणि बाटलीत भरून आमच्याकडे पाठवितात. त्यातली प्रथिने आणि साखर मोजता येते, जंतू शोधता येतात, आणि त्यात तरंगणाऱ्या पेशी पाहता येतात. १९०० साली फ्रान्समध्ये विदाल आणि रावो या दोघा वैद्यांनी, छातीतल्या पाण्यात कोणत्या जातीच्या पेशी आहेत हे पाहून रोग ओळखण्याची रीत मांडली. क्षयाने साठलेल्या पाण्यात लिंफोसाइट नावाच्या लहान, गोल पेशींचा भरणा असतो, ही त्यांची गोष्ट सव्वाशे वर्षांनंतरही खरी आहे. मी आज बोलणार आहे ते मुख्यतः पाठीतल्या पाण्याविषयी, कारण खरी अडचण तेथेच आहे.

पाठीतून पाणी काढावयाचे म्हटले की घरातली माणसे हादरतात. "पाठीतून पाणी काढले की माणूस लुळा होतो," हे वाक्य मी मराठीत ऐकले आहे, गुजरातीत ऐकले आहे आणि हिंदीतही ऐकले आहे. त्या भीतीपायी किती नातेवाइकांनी सही नाकारली असेल! म्हणून मूळ विषयाला हात घालण्यापूर्वी एवढे सांगतो. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये. तेथे रज्जू नसतो. पाण्यात सुटे लोंबणारे मज्जातंतू असतात आणि ते सुईच्या वाटेतून बाजूला सरकतात. लहान मुलांत रज्जू थोडा खाली असतो, म्हणून त्यांची जागा जपून निवडतात. हे पाणी शरीर सतत तयार करीत असते: एका वेळी सुमारे दीडशे मिलिलिटर असते, पण दिवसाला पाचशे मिलिलिटरच्या आसपास नवे बनते. हिशेब केला तर काढलेले चार मिलिलिटर दहा-बारा मिनिटांत भरून येते. नंतर काहींचे डोके दुखते, हे खरे आहे. मेंदूवरचा दाब वाढलेला असेल तर हे पाणी काढणे धोक्याचे ठरू शकते, हेही खरे. म्हणूनच डॉक्टर आधी तपासून पाहतात. पण ज्याला लोक लुळेपणाचे कारण समजतात ते बहुधा मूळ आजाराचेच काम असते. पाणी उशिरा काढले, किंवा काढलेच नाही, म्हणून ते पुरे होते. जर्मनीत कील येथील क्विंके या वैद्याने १८९१ साली ही रीत सुरू केली. तेव्हापासून ती जगभर चालत आलेली आहे.

आता अडचण ऐका. रक्ताचा एक घन मिलिमीटर घ्या. म्हणजे साधारण मोहरीच्या दाण्याएवढे रक्त. त्यात पंचेचाळीस-पन्नास लाख तांबड्या पेशी आणि चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. तेवढ्याच पाठीतल्या पाण्यात निरोगी मोठ्या माणसाच्या पांढऱ्या पेशी असतात फार तर पाच, आणि तांबडी एकही नाही. पाणी दिसते कसे, तर विहिरीच्या पाण्यासारखे निर्मळ. काही वेळा रोग असतानाही ते निर्मळच दिसते, कारण पाण्याला गढूळपणा येण्यासाठी प्रत्येक घन मिलिमीटरला दोनशेच्या आसपास तरी पेशी असाव्या लागतात.

पेशी किती आहेत हे मोजण्यासाठी रेघा आखलेली काचेची मोजपेटी असते. पाठीतल्या पाण्यासाठी फुक्स-रोझेंथाल यांची पेटी वापरतात, तीत ३.२ घन मिलिमीटर पाणी मावते. एका घन मिलिमीटरला एक पेशी असेल तर पेटीत तीन पेशी दिसतील. मोजणी झाली, पण त्या तीन पेशी कोणत्या जातीच्या, हे मोजपेटीत नीट कळत नाही. जात ओळखावयाची तर पेशी काचपट्टीवर बसवून, वाळवून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली तिचे केंद्रक पाहिले पाहिजे. रक्ताचा थेंब काचेवर पसरला की पुरे, कारण तेथे पेशींची रेलचेल. पाठीतल्या पाण्याचा थेंब तसाच पसरला तर पाऊण तळहाताएवढ्या काचेवर मूठभर पेशी विखुरतात. कमाटीबागेत पडलेली टाचणी शोधावी तसा तो प्रकार होतो.

मग काय करावयाचे? पेशी एकत्र आणावयाच्या. जुनी रीत गरगर फिरविण्याची. आपल्याला ती परकी नाही. १८७८ साली स्वीडनच्या लाव्हाल याने दुधाची साय वेगळी काढण्याचे फिरते यंत्र काढले, आणि येथून तासाभराच्या अंतरावर आणंदला त्याच तत्त्वावर रोज लाखो लिटर दुधाचे काम चालते. फिरणाऱ्या नळीत हलके मध्याकडे येते आणि जड बाहेरच्या बाजूस बसते. नळी मध्यापासून दहा सेंटिमीटरवर असेल आणि मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर तीतल्या पेशीवर पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे एकशेबारा पट ओढ पडते. फेरे तीन हजार केले तर हजारपट. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण नवशिका तंत्रज्ञ "थोडे जोरात फिरवू" म्हणतो तेव्हा ते थोडे नसते. तर अशा नळीच्या तळाशी पेशी बसतात, वरचे पाणी ओतून टाकावयाचे, तळाचा थेंब काचेवर घेऊन दुसऱ्या काचेने पसरावयाचा. छातीतल्या आणि पोटातल्या पाण्याला ही रीत आजही चालते. पाठीतल्या पाण्याच्या पेशी मात्र फार नाजूक. रक्तद्रवात दर शंभर मिलिलिटरमागे सहा ते आठ ग्रॅम प्रथिने असतात. ती पेशीला उशीसारखा आधार देतात. पाठीतल्या पाण्यात ती पंधरा ते पंचेचाळीस मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ नाहीतच. अशा पेशीवरून दुसरी काच फिरविली की ती फुटते, तिचे केंद्रक दोऱ्यासारखे ओढले जाते, आणि काचेवर उरतो तो केवळ जांभळा फराटा.

या अडचणीवर सुंदर तोड काढली ती झाइक या जर्मन वैद्याने, १९५४ साली, येना येथे. येना म्हणजे झाइस कंपनीच्या सूक्ष्मदर्शकांचे गाव; अशा गावात हे सुचावे यात नवल नाही. त्याने फिरविणे सोडूनच दिले. काचपट्टीवर मध्यभागी भोक पाडलेला टीपकागद ठेवावयाचा, त्यावर बूड नसलेली नळकांडी उभी करून घट्ट दाबावयाची, आणि नळकांडीत पाणी घालून गप्प बसावयाचे. पाणी कडेकडेने कागदात शोषले जाते, पेशी आपल्या वजनाने सावकाश खाली उतरतात आणि भोकाएवढ्या जागेत काचेवर बसतात. ढकलाढकल नाही, ओढाताण नाही. पेशींचे रूप या रीतीत फार सुरेख राहते. माझ्या मते रूपाच्या बाबतीत आजच्या यंत्रांनाही ती हार जात नाही. वेळ मात्र लागतो.

त्यानंतर १९६६ साली वॉटसन याने या दोन्ही युक्त्यांचा मेळ घातला. झाइकची काच, कागद आणि नळकांडी घेऊन त्याने ती फिरत्या चाकावर बसविली. पुढे शँडन कंपनीच्या 'सायटोस्पिन' यंत्राने ही रीत जगभर नेली. इतकी, की आता कोणत्याही कंपनीचे असले तरी लोक त्याला सायटोस्पिनच म्हणतात. आपण घेऊ म्हणतो आहोत ते हेच.

हे यंत्र दिसावयास झाकणाच्या मोठ्या पातेल्यासारखे असते. आत एक चाक आणि चाकावर खाचा. प्रत्येक खाचेत चिमट्याने एकत्र आवळलेल्या तीन वस्तू बसतात: मागे काचपट्टी, मध्ये भोक असलेला टीपकागद, पुढे वाकड्या चोचीचे नरसाळे. नरसाळ्यात पाच-दहा थेंब पाणी घालावयाचे. यंत्र थांबलेले असताना हे नरसाळे मागे कललेले असते, त्यामुळे पाणी काचेला शिवतही नाही. चाक फिरू लागले की ते उभे होते आणि पाणी चोचीतून काचेकडे ढकलले जाते. पेशी काचेवर आपटून बसतात, पाणी कागद पिऊन टाकतो. मिनिटाला पाचशे ते हजार फेरे, पाच ते दहा मिनिटे. झाकण उघडून काच काढली की तिच्यावर सहा मिलिमीटरचा एक गोल दिसतो, कपाळावरच्या टिकलीएवढा. आपले सगळे धन त्या टिकलीत.

किती धन, तेही पाहा. एका घन मिलिमीटरला एक पेशी असे पाणी अर्धा मिलिलिटर घेतले तर त्यात पाचशे पेशी झाल्या. कागद पाणी पिताना काही पेशीही पितो. हा या यंत्राचा ठरलेला कर आहे आणि तो चुकविता येत नाही. समजा, पाचांतली एकच पेशी काचेवर राहिली, तरी शंभर पेशी त्या टिकलीत सापडतात. मोजपेटीत तीन, येथे शंभर; आणि त्याही रंगवून, जात ओळखता येईल अशा.

काम दिसते सोपे, पण त्यात हाताची सफाई लागते. आधी नरसाळ्यात अल्ब्युमिनचा एक थेंब घालतात; म्हणजे मघाशी सांगितलेली उशी पेशीला मिळते आणि ती काचेला नीट धरते. कागदाचे भोक आणि नरसाळ्याची चोच तंतोतंत जुळली पाहिजेत, नाही तर पाणी आधीच कागदात शिरते आणि टिकली कोरी राहते. वेग वाढविला तर पेशी चपट्या होतात, केंद्रकाला नसलेल्या खाचा पडतात, आणि साधी पेशी वेडीवाकडी दिसून कर्करोगाचा संशय येतो. पाण्यात पेशी फार असल्या तर त्या एकीवर एक चढतात. तेव्हा पाणी पातळ करून घ्यावे लागते. म्हणूनच आधी मोजपेटीत मोजावयाचे आणि मग यंत्रात घालावयाचे. हा क्रम उलटा करणारी प्रयोगशाळा यंत्र असूनही आंधळी. शेवटी रंग. एक काच हवेत वाळवून लीशमन किंवा गीम्सा रंगाने रंगवितात. कर्करोगाची शंका असेल तर दुसरी काच ओली असतानाच पंचाण्णव टक्के अल्कोहोलात बुडवून पापानिकोलाऊ पद्धतीने रंगवितात. "ओली असतानाच" म्हणजे काढल्याबरोबर. तेवढ्यात कोणी हाक मारली म्हणून मागे वळले तर काच वाळते आणि केंद्रकाचा बारीक तपशील पुसट होतो.

या टिकलीत दिसते काय, ते आता थोडक्यात सांगतो.

ताप, उलट्या आणि मान ताठ झालेले मूल दवाखान्यात येते. पाण्यात न्यूट्रोफिल नावाच्या, तुकड्या-तुकड्यांचे केंद्रक असलेल्या पेशींची गर्दी असेल तर तो बहुधा पू करणाऱ्या जंतूंचा मेंदूज्वर. तेथे तासांचा प्रश्न असतो, आणि शहाणा डॉक्टर आमच्या उत्तराची वाट न पाहता औषध सुरू करतो. लिंफोसाइट जास्त असतील तर विषाणूंचा किंवा क्षयाचा विचार येतो. मेंदूच्या आवरणाचा क्षय आपल्या देशात अजून संपलेला नाही. १९४४ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडल्याचे जाहीर होईपर्यंत त्याचे रुग्ण जवळजवळ सगळेच दगावत. आज औषधे आहेत, पण वेळेवर सुरू झाली तरच मूल डोळ्यांनी आणि बुद्धीने शाबूत राहते. त्याचे पाणी नळीत तसेच ठेवले तर कधी कधी कोळिष्टकासारखे जाळे धरते; आमचे जुने शिक्षक ते जाळे काचेवर घेऊन त्यात क्षयजंतू शोधावयास लावीत. आता जंतूचे जनुक ओळखणारी जीन-एक्स्पर्टसारखी यंत्रे दोन तासांच्या आत उत्तर देतात. तेव्हा पेशी पाहण्याची गरज काय, असे कोणी विचारील. गरज अशी की त्या यंत्राने "नाही" म्हटले म्हणजे क्षय नाहीच असे ठरत नाही, आणि मग पेशींची साक्ष काढावी लागते. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो: क्षयाच्या अगदी पहिल्या दिवसांत पाण्यात न्यूट्रोफिलही जास्त दिसू शकतात. काचपट्टी एकटी निकाल देत नाही. रुग्णाची हकीकत शेजारी ठेवून ती वाचावयाची असते.

या यंत्राने खरोखर आपली जागा कमावली आहे ती दुसऱ्या एका आजारात, मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी फोलिक आम्लाविरुद्ध काम करणाऱ्या औषधाने अशा मुलांच्या रोगाला प्रथमच उतार पाडून दाखविला. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिचे संशोधन चालवीत होते आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ते नाव मानाने तितके वर आलेले नाही. पुढे डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. रक्त स्वच्छ होई, मूल खेळू लागे, आणि काही महिन्यांनी रोग मेंदूच्या आवरणात डोके वर काढी. नेहमीच्या मात्रेत घेतलेली औषधे त्या पाण्यात पुरेशी उतरत नाहीत. रोगाच्या पेशी तेथे लपून राहतात. म्हणून आता अशा प्रत्येक मुलाचे पाठीतले पाणी सुरुवातीलाच तपासतात आणि त्याच सुईने औषधही आत सोडतात.

येथे ती टिकली कामास येते. मोजपेटीत दोन-तीनच पेशी, म्हणजे आकडा निर्दोष. पण काचेवर त्यांतल्या दोन पेशी मोठ्या, कोवळ्या केंद्रकाच्या, म्हणजे रोगाच्या निघतात. अशा मुलाची वर्गवारी बदलते आणि पाठीतून द्यावयाच्या औषधाचा बेतही बदलू शकतो. "पेशी पाचांच्या आत, सबब ठीक" असे लिहून मोकळे होणे किती महागात पडेल, हे निराळे सांगावयास नको. आज फ्लो सायटोमेट्री नावाची तपासणी याहूनही सूक्ष्म आहे, पण ती मोठ्या केंद्रांत होते. आणि तेथेही काचपट्टी पाहण्याचे कोणी सोडलेले नाही.

छातीतल्या आणि पोटातल्या पाण्याबद्दल मी फार बोलत नाही. तेथे पेशी पुष्कळ असतात, जुनी नळी बहुतेक वेळा पुरते. कर्करोगाच्या पेशी गुच्छागुच्छांनी दिसतात. पण पडद्याच्या अस्तराच्या साध्या पेशीही चिडल्या म्हणजे इतक्या मोठ्या आणि बेंगरूळ होतात की मुरलेला माणूसही थबकतो. अशा वेळी "पुन्हा पाणी पाठवा, जास्त पाठवा" असे लिहिण्यात कमीपणा नाही. यकृत सुकलेल्या रुग्णाच्या पोटातल्या पाण्यात घन मिलिमीटरला अडीचशे किंवा त्याहून जास्त न्यूट्रोफिल सापडले की जंतूंचा शिरकाव धरून चालतात. सुजलेल्या गुडघ्यात सुयांसारखे खडे दिसले की गाऊट. असो.

आता जे सांगण्यासाठी मी खरे म्हणजे उभा राहिलो आहे, त्याकडे वळतो.

पाठीतल्या पाण्यातल्या पेशी बाहेर आल्याबरोबर मरू लागतात. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की खोलीच्या साध्या तापमानाला ठेवलेल्या पाण्यातले न्यूट्रोफिल तासाभरात सुमारे एक-तृतीयांश कमी झाले आणि दोन तासांत निम्मे उरले. लिंफोसाइट मात्र तितक्या वेळात टिकून राहिले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पाणी दोन-तीन तास पडून राहिले तर पेशी केवळ कमी होत नाहीत, त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाणच बदलते. पू करणाऱ्या जंतूंचा मेंदूज्वर असलेल्या मुलाचे पाणी उशिरा आले, तर आमच्या काचेवर ते क्षयाच्या किंवा विषाणूच्या पाण्याकडे झुकलेले दिसू शकते. यंत्र कितीही भारी आणा. मेलेल्या पेशी ते जिवंत करीत नाही.

आणि आपल्याकडे होते काय? एका इस्पितळातून, त्याचे नाव घेत नाही, एका मुलाचे पाणी आमच्याकडे आले. काढले होते सकाळी दहाला, पोहोचले दुपारी तीनला. मधल्या वेळात पावती फाडावयाची होती, खिडकीवर जेवणाची सुट्टी होती, बाटली चौकीदाराच्या टेबलावर उन्हाच्या तिरिपीत होती. काचेवर पेशींच्या सावल्या तेवढ्या दिसल्या. पुन्हा पाणी काढावे लागेल असे कळविले, तर बापाने साफ नकार दिला. एकदा त्याने काळजावर दगड ठेवून सही केली होती. पुन्हा कशी करावी? डॉक्टरांना पुढचे औषध अंदाजाने द्यावे लागले. मी त्या बापाला दोष देऊ शकत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळींना माझे सांगणे असे आहे. आपण यंत्र जरूर घ्यावे, पण त्याच्या आधी एक माणूस नेमावा. स्कूटर आणि फोन दिलेला, शहरातल्या कोणत्याही दवाखान्यातून पाणी उचलून तासाच्या आत प्रयोगशाळेत आणणारा माणूस. पावती मागाहून फाडता येते. तीन नळ्या असतील तर पेशींसाठी शेवटची नळी आणावी, कारण सुईच्या टोचण्याने आलेले रक्त पहिल्या नळीत उतरते. आणि कोणा सेवाभावी गृहस्थाने "खराब होऊ नये" म्हणून पाठीतले पाणी बर्फात ठेवू नये. मेंदूज्वराचे काही जंतू थंडीने मरतात आणि मग ते वाढवून पाहता येत नाहीत.

दुसरे सांगणे रोजच्या खर्चाचे. यंत्र एकदाच घ्यावयाचे, पण टीपकागद आणि नरसाळी रोज लागतात. देणगीदाराचे नाव यंत्रावर कोरता येते, टीपकागदावर कोरता येत नाही. त्यामुळे यंत्राला दाते मिळतात आणि कागदाला मिळत नाहीत, हा सर्व धर्मादाय दवाखान्यांचा अनुभव आहे. मग काटकसर सुरू होते. नरसाळे धुऊन पुन्हा वापरले जाते. एका रुग्णाच्या पाण्यातल्या चार पेशी त्याच्या चोचीत चिकटून राहतात आणि दुसऱ्याच्या काचेवर उतरतात. जेथे दोन पेशींवरून मुलाचा उपचार ठरावयाचा, तेथे परक्या चार पेशी म्हणजे अनर्थच. एकदा वापरावयाची म्हणून केलेली नरसाळी एकदाच वापरावयाची, यात दयामाया नको. आपल्या मंडळाने पंगतीत द्रोण धुऊन कधी पुन्हा मांडले नाहीत; तोच नियम येथे. तेव्हा आवाहनात यंत्राच्या किमतीबरोबर निदान पाच वर्षांच्या कागद-नरसाळ्यांचा निधी वेगळा मागावा. तो जमत नसेल तर यंत्र एक वर्ष पुढे ढकलावे.

तोपर्यंत हात बांधून बसावे लागणार नाही. झाइकची रीत आहेच. सिरिंजच्या नळीचा कापलेला तुकडा, भोक पाडलेला टीपकागद, काचपट्टी आणि कचेरीत कागद आवळावयास वापरतात त्या चिमट्या, एवढ्यावर ती चालते. आपली तंत्रज्ञ मुलगी हे काम शिकली आहे आणि तिच्या काचा पाहून मी समाधानी आहे. यंत्र आल्यावर तिचे काम जलद होईल, तिची जागा यंत्र घेणार नाही. म्हणून तिच्या पगाराचाही विचार याच सभेत व्हावा, असे मी आगाऊपणाने सुचवितो. फिरत्या यंत्रात क्षयाचे पाणी असेल तर त्याचे तुषार उडतात, तेव्हा घट्ट झाकणाचे, आतील चाकासह उचलून सुरक्षित कपाटात उघडता येईल असेच यंत्र पाहावे. स्वस्त मिळते म्हणून उघड्या चाकाचे घेऊ नये.

शेजारच्या दालनात तीन सूक्ष्मदर्शक मांडून ठेवले आहेत. पहिल्याखाली निरोगी माणसाच्या पाण्याची टिकली आहे, दुसऱ्याखाली मेंदूज्वराची, तिसऱ्याखाली रक्ताच्या कर्करोगाची. तिन्हींवरून नाव-गाव काढून टाकलेले आहे. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून बारीक चक्री फिरवून पाहिले तरी बहुतेकांना स्पष्ट दिसेल. एक डोळा मिटण्याची सवय असेल तर ती सोडून दोन्ही डोळे उघडे ठेवावेत, म्हणजे थकवा येत नाही. तिसऱ्या काचेवर मधोमध दोन मोठ्या पेशी शेजारी शेजारी बसल्या आहेत, त्या मी दाखवितो. मुलांना आधी येऊ द्या. त्यांना उभे राहावयास खाली पाट ठेवला आहे.